अठराशे त्र्याण्णवच्या ठळक बातम्या

१४ जुलै, रविवार

चाक उतारावरून सुटलं होतं आणि आम्ही दोघं त्याच्या मागे धावत होतो. मोहनराव पुढे, मी मागे, पायांत सुनेचे स्पोर्ट्स शूज. चाक मोहनरावांहून उंच. त्याला घाई नव्हती. डुलत डुलत ते शेजाऱ्यांच्या गवतावर गेलं, टपालपेटीला धडकलं आणि आडवं झालं. त्याला टांगलेले दह्याचे रिकामे डबे सुटले आणि रस्ताभर घरंगळत गेले. शेजारीण बाहेर आली. तिने विचारलं, हे काय? मोहनराव धापा टाकत म्हणाले, "शिकागो." त्याहून जास्त त्यांना बोलवेना. मग आम्ही तिच्या गवतावर बसून हसलो. तीही हसली. कशाला ते तिला माहीत नव्हतं.

चाक म्हणजे आकाशपाळणा. इथल्या मराठी मंडळाचा यंदाचा गणपतीचा कार्यक्रम आहे: १८९३च्या उन्हाळ्यात जगात काय काय घडलं. त्या उन्हाळ्यात शिकागोच्या प्रदर्शनात पहिला मोठा आकाशपाळणा फिरला. त्याच वर्षी पुण्यात गणपती घरातून रस्त्यावर आला. इथलं आणि तिथलं एकाच वर्षात, म्हणून आश्लेषाने ते वर्ष धरलं. आश्लेषा मंडळाची सांस्कृतिक सचिव. मोहनराव तिचे वडील, सांगलीकडच्या साखर कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. माझा मुलगा इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, त्यांची मुलगीही. दोघंही सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेलो. जुन्या सायकली मोडून पाळणा त्यांनी करायचा. त्या उन्हाळ्याच्या बातम्या मी वाचायच्या, नागपूरला आकाशवाणीवर वाचत असे तशा.

बातम्या वाचताना हसू गिळायची सवय लागते. ती माझ्या घरातही राहिली होती. आज कुठे गेली कळलं नाही.

१६ जुलै, मंगळवार

सुशांतने जेवताना पुन्हा माझा नागपूरचा फ्लॅट विकायचा विषय काढला. तिकडचं सगळं माझा पुतण्या संजय बघतो.

"आई, संजयदादाचा फोन होता. फ्लॅटला चांगलं गिऱ्हाईक आहे. गणपतीपर्यंत थांबतो म्हणतोय. तू फक्त हो म्हण."

"बघू."

"बघू म्हणजे हो ना?"

माझी सून नेत्रा म्हणाली, "सुशांत, बघू म्हणजे बघू."

"अगं पण तिकडे आता आईचं आहे काय? बाबा गेले. ती एकटी. इथे आपण आहोत, सावनी आहे. मी सिटिझन झालोय, पेपर्स मी करतो. तिला काहीच करायचं नाहीये."

खरं आहे. काहीच करायचं नाहीये.

मला नागपूरला परत जायचं आहे. हे वाक्य लिहिता येतं, बोलता येत नाही. तिकडे काय आहे याचं उत्तर मला येतं. प्रतापनगरची गॅलरी आहे. सकाळी अंबाझरीचा बांध आहे, आणि चालताना सतत बोलणारी मैत्रीण वीणा आहे. पण मुलाच्या चेहऱ्याकडे बघत हे उत्तर दिलं की फार लहान वाटतं. तो चुकीचं काही मागत नाही. चुकीचं मागितलं असतं तर बरं झालं असतं.

मी उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही. स्टेशन डायरेक्टरला नाही, सासूबाईंना नाही, दारावर झाडू विकणाऱ्याला नाही. घरात आठ झाडू होते.

२१ जुलै, रविवार

आश्लेषाकडे बातम्या निवडल्या. तिने इंटरनेटवरून ढीग काढून ठेवला होता. बँका बुडाल्या. इंग्रजांची एक युद्धनौका आपल्याच दुसऱ्या नौकेला धडकून बुडाली. ओक्लाहोमात जमिनीसाठी लोक धावले. न्यूझीलंडमध्ये बायकांना मत मिळालं.

"आणि हे तर घ्यायलाच हवं, मावशी," ती म्हणाली. "जून महिना. दक्षिण आफ्रिकेत एका तरुण भारतीय वकिलाला रेल्वेच्या पहिल्या वर्गातून खाली उतरवतात. याच्यावर टाळ्या आहेत."

"ही बातमी नाही," मी म्हटलं.

"काय सांगता!"

"त्या दिवशी नव्हती. थंडीत स्टेशनवर एक माणूस बसून होता. जगाला ते पुढे कळलं. आपण त्या दिवशीच्या बातम्या वाचतोय. तेव्हा जे कळलं होतं तेवढंच वाचायचं."

आश्लेषा हिरमुसली. मोहनराव चाकाच्या आऱ्या आवळत होते. ते म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत. ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं, तर वार्ताहराला कुठून कळणार?"

"बाबा, तुम्ही कधीपासून बातम्यांमधले?"

"आजपासून."

मी बातम्यांच्या नियमावर इतकी ठाम असते आणि घरात बघू बघू करते, याची मला गंमत वाटली. गंमत हा शब्द बरोबर नाही. दुसरा सापडला नाही.

२८ जुलै, रविवार

आज मंडळातल्या दोन पुणेकरांचं भांडण झालं. गणपती रस्त्यावर आला तो १८९३ला की १८९२ला? एकाने पुरावे दिले. दुसऱ्याने पुराव्यांचे पुरावे मागितले. एक चहा न पिता निघाला. त्याची चप्पल सापडेना, म्हणून परत आला आणि मग चहा प्यायला.

मी बातमी अशी लिहिली: "पुणे. येथे यंदा गणेशोत्सव सार्वजनिकरीत्या साजरा होत आहे. यंदा की गेल्या वर्षापासून, याबाबत शहरात मतभेद आहेत."

दोघंही खूश. दोघांनाही वाटलं आपली बाजू आली. मोहनरावांना इतकं हसू आलं की पाना हातातून पडला.

४ ऑगस्ट, रविवार

दह्याचे डबे येतायत. इथलं प्रत्येक मराठी घर दह्याचा रिकामा डबा धुऊन ठेवतं. त्यात आमटी देतात, कोथिंबीर लावतात, स्क्रू ठेवतात. टाकत कोणी नाही. मोहनरावांना पाळण्याला छत्तीस हवेत, शिकागोला होते तेवढे. मिळाले आहेत दोनशेवर. त्यांतल्या चारांत अजून आमटी होती.

मोहनराव आता रोजच येतात. कधी बातमी ऐकायला, कधी डब्यांना रंग कुठला द्यायचा ते विचारायला. दोन्ही ठरलेलं आहे, पण ते विचारतात. सकाळी नदीच्या बाजूने आम्ही चालतो. इथे सगळे मला मावशी, काकू नाहीतर शरयूताई म्हणतात. ते ताई म्हणत नाहीत. बाई म्हणतात. सांगलीकडची पद्धत असावी.

आज त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरात नागपूरला हवा कशी असते?"

मी त्यांना कमाल तापमान सांगितलं, किमान सांगितलं. ते म्हणाले, "छान." पस्तीस अंशांत छान काय आहे?

१० ऑगस्ट, शनिवार

आश्लेषाने हॉलची बातमी दिली. यंदा चतुर्थीच शनिवारी आली आहे. एरवी मंडळ चतुर्थीनंतरचा कुठला तरी शनिवार शोधतं आणि गणपतीला उशिरा बसवल्याची रुखरुख राहते. यंदा शोधायचं कामच नाही. शिवाय सप्टेंबरचा शनिवार असून स्टेडियमजवळचा हॉल सहज मिळाला, तोही सबंध दिवस. तिथे त्या दिवशी दुसरं कोणी नाही म्हणे.

"बाप्पाचीच इच्छा, मावशी," आश्लेषा म्हणाली.

१८ ऑगस्ट, रविवार

पहिली पूर्ण तालीम. सावनी बघायला आली होती. नात आठ वर्षांची. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. घरी येताना गाडीत म्हणाली, "आजी, ही लाफ्स ॲट एव्हरीथिंग यू से. इव्हन द बँक्स."

बँका बुडाल्याची बातमी वाचली तेव्हा मोहनराव हसले, हे खरं. मी वाचण्यात कुठे चुकले ते पुन्हा पाहायला हवं.

नेत्रा खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

२५ ऑगस्ट, रविवार

न्यूझीलंडची बातमी जमत नाही. "न्यूझीलंड. येथील स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला आहे." छोटं वाक्य, जोडाक्षरं फार नाहीत. तरी शेवटाला आवाज खाली जातो.

मोहनराव म्हणाले, "युद्धनौका बुडवताना तुमचा आवाज खणखणीत. इथेच का पडतो?"

"श्वास पुरत नाही."

"नौकेचं वाक्य याच्या दुप्पट आहे."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं चाक बघा. ते चाक बघायला गेले. जरा वेळाने तिकडून म्हणाले, "मलाही आश्लेषा इथेच राहा म्हणते. मी मे महिन्यातच नाही सांगून टाकलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली."

मी विचारलं, नाही कसं म्हणालात?

"नाही असं म्हणालो."

१ सप्टेंबर, रविवार

सुशांतने आज फोन लावून दिला. पलीकडे संजय. "काकू, गणपती शनिवारी बसतात. रविवारी मी गिऱ्हाइकाला हो सांगून टाकू का?"

सुशांत माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. लहानपणी मला स्टुडिओच्या काचेतून बघायचा तसा.

"बघू," मी म्हटलं.

"म्हणजे सांगतो," संजय म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन न्यूझीलंड वाचलं. तीनदा. तीनही वेळा आवाज पडला.

५ सप्टेंबर, गुरुवार

सुशांतने जेवताना सहज विचारलं, "आई, हॉल आहे कुठे?"

"स्टेडियमला लागून."

त्याने चमचा खाली ठेवला. "शनिवारी? ह्या शनिवारी?"

या शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना आहे. टेक्सासशी. स्टेडियममध्ये एक लाख माणसं मावतात, आणि न मावलेली बाहेर बसून खातात. रस्ते बंद असतात. लोक आपल्या घरासमोरचं गवत गाड्या लावायला भाड्याने देतात. दरवर्षी मंडळ शनिवार शोधताना आधी सामन्यांच्या तारखा बघतं. यंदा शोधायचा नव्हता, म्हणून कोणी बघितलं नाही. हॉल रिकामा का होता ते आता कळलं.

सुशांतने आश्लेषाला फोन केला. "अगं, कॅन्सल कर. किंवा संडेला शिफ्ट कर."

तिचा आवाज मलाही ऐकू आला. "सुशांत, मी चतुर्थी शिफ्ट करू?"

मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तोंडावर पदर धरून हसले. या परिस्थितीत हसू यायला नको होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

हे सगळं आजच लिहायला हवं.

सकाळी लवकर निघालो. तरी गाडी अर्ध्या वाटेत अडली. पोलिसाने सांगितलं, पुढे चालत. मग आम्ही उतरलो. आश्लेषाच्या हातांत तोंडावर रुमाल घातलेली मूर्ती. मागे मंडळाची दहाबारा मुलं, केशरी फेटे बांधून, गळ्यात ढोल. त्यांच्या मागे सुशांत आणि मोहनराव आकाशपाळणा लोटत. शेवटी नेत्रा, सावनी आणि मी, मोदकांचे डबे घेऊन. तेही दह्याचे.

रस्ता इथल्या संघाचे निळे-पिवळे कपडे घातलेल्या माणसांनी भरला होता. आम्हाला बघून एका घोळक्याने हुर्यो केली. मग दुसऱ्याने. आम्हाला कळेना. गणपतीला कोणी हुर्यो करतं का? आश्लेषाचा चेहरा पडला.

सुशांत ओरडला, "फेटे! फेट्यांमुळे!"

टेक्सासचा रंग केशरी. आपल्यापेक्षा जरा करपलेला. त्यांना वाटलं, टेक्सासचे लोक ढोल घेऊन आले.

मोहनराव म्हणाले, "मग वाजवा. तोंड लपवून काय चाललात?"

मुलांनी ढोल वाजवले. हुर्यो वाढली. ढोल वाढले. निळ्यांतला एक म्हातारा हुर्यो करता करता नाचायला लागला. तेवढ्यात खरे केशरी लोक धावत आले, आम्हाला आपलं समजून. त्यांतल्या एका दांडग्या मुलाने मूर्ती पाहिली आणि जागच्या जागी बूट काढले.

"अहो, आज चतुर्थी?" तो मराठीत म्हणाला. "आईने सकाळी तीन मिस्ड कॉल दिलेत, आता कळलं!"

तो परीक्षित. मूळचा नागपूरचा, राहतो टेक्सासमधल्या प्लेनोला. मित्रांबरोबर विमानाने आला आणि इथे आल्यावर तिकीट मिळालं नाही. "मी नुसता गर्दीला आलोय, काकू."

हॉलपर्यंत जाणं शक्य नव्हतं. बाकीची मंडळी फोन करत होती, कोणी या चौकात अडकलेलं, कोणी त्या. आश्लेषा रडायच्या बेतात. परीक्षित म्हणाला, "आमच्या तंबूत बसवा ना गणपती. टेबल आहे, सावली आहे, माइक आहे." मग त्याने मागे वळून पाहिलं. टेबलाशेजारी शेगडीवर मांस भाजत होतं. "दोन मिनिटं," तो म्हणाला. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी पेटलेली शेगडी चारही बाजूंनी उचलली आणि ती घेऊन ते गर्दीतून पळत सुटले. ती कुठे नेली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पूजा मोहनरावांनी सांगितली. आरतीला चाळीसेक मराठी माणसं पोहोचली होती. टाळ्या वाजवायला मात्र दोनशे होती, कारण निळे आता बघायला थांबले होते. मोदक पुरले नाहीत.

मग आश्लेषाने माइक माझ्या हातात दिला. "मावशी, बातम्या."

मी उभी राहिले. सावनी शेजारी येऊन उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी एक वाक्य म्हटलं की ती दुसऱ्या माइकवर इंग्रजीत सांगायची.

"नमस्कार. आज वीस सप्टेंबर अठराशे त्र्याण्णव. शरयू पांढरीपांडे बातम्या देत आहे. शिकागो. येथील प्रदर्शनातला आकाशपाळणा पाहण्यासाठी जगभरातून लोक येत आहेत."

मोहनरावांनी चाक फिरवलं. छत्तीस डबे उठले. गर्दी आ वासून बघत राहिली.

"पुणे." मतभेदांवर दोन्ही पुणेकर टाळ्या वाजवत होते.

"ओक्लाहोमा. बंदुकीचा बार होताच लाखाहून अधिक लोक जमिनीसाठी धावले." सावनीने हे सांगताच टेक्सासवाल्यांनी आरोळी ठोकली. ओक्लाहोमाशी त्यांचं काही जुनं वैर आहे म्हणे. माझ्या गळ्याशी हसू आलं होतं. गिळलं नाही. हसतच पुढचं वाचलं. बातम्या हसत वाचता येतात, हे मला आज कळलं.

"न्यूझीलंड. येथील स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला आहे."

आवाज पडला नाही.

इथे बातम्या संपायच्या होत्या. समोर सुशांत उभा होता, फेटा कलता, हात चाकाच्या वंगणाने काळे, लहान मुलासारखा खूश. मी त्याच्याकडे बघितलं. मग समोर बघितलं, स्टुडिओत मायक्रोफोनकडे बघायचे तसं.

"ॲन आर्बर. नागपूरच्या रहिवासी शरयू पांढरीपांडे ऑक्टोबरमध्ये नागपूरला परत जात आहेत. प्रतापनगरमधला त्यांचा फ्लॅट विकला जाणार नाही. बातम्या संपल्या."

सावनी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माइक तोंडाशी नेला. "माय आजी इज गोइंग होम. द फ्लॅट इज नॉट फॉर सेल."

निळ्यांनी आणि केशरींनी मिळून इतकी मोठी आरोळी दिली की पलीकडच्या तंबूतले लोक पळत आले. त्यांना वाटलं सामना सुरू झाला. मोहनरावांनी चाकाला एवढा हिसका दिला की डबे सुटून गर्दीवर उडाले. लोक ते झेलत होते. एका बाईने झेललेला डबा डोक्यावर घातला. ढोल पुन्हा सुरू झाले.

सुशांत माझ्याजवळ आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"आई, हे मला घरी सांगायचंस ना."

"घरी मी बघू म्हणते."

"मला वाटलं तू एकटी पडशील तिकडे."

"पडेन कधी कधी."

 तो हसायला लागला. हसता हसता त्याने काळ्या हातांनी डोळे पुसले आणि तोंडभर वंगण झालं. नेत्राने त्याचा फोटो काढला. "हा संजयदादांना पाठवते," ती म्हणाली. "खाली लिहिते, बघू."

सामना टेक्सासने जिंकला. मोहनरावांनी दोन्ही बाजूंच्या लोकांशी हात मिळवले.

८ सप्टेंबर, रविवार

सकाळी सुशांतने संजयला फोन करून गिऱ्हाइकाला नाही सांगायला सांगितलं. आवाज जरा जड होता, पण सांगितलं. आज ऋषिपंचमी. मी भाजी चिरायला घेतली तेव्हा मोहनराव आले आणि सुशांतशेजारी बसले. सांगलीहून नागपूरला थेट गाडी आहे, रोज. तिचं आरक्षण किती आधी सुरू होतं असं त्यांनी विचारलं. सुशांतने फोनवर शोधून त्यांना सांगितलं.